ऑइल प्रेशर खरंच पडतंय की वायरिंग खोटं बोलतंय? फॉर्म्युला स्टुडंट गाडीच्या लॉगरची एक केस

आधी प्रश्न सांगतो, बाकीचं नंतर. गाडी उजवीकडे वळली की लॉगमध्ये, म्हणजे गाडीवरचा लॉगर बोर्ड सेन्सरचे आकडे साठवतो त्या नोंदीत, ऑइल प्रेशर ३ बारवरून १ बारच्या आसपास येतं आणि अर्ध्या सेकंदाच्या आत परत वर जातं. डावीकडे वळताना काहीच नाही. आता हे इंजिनात होतंय का आपल्या सर्किटात? प्रश्न एवढाच, पण त्यावरून टीममध्ये जी जुंपली ती बघण्यासारखी होती, कारण इंजिन उघडायचं म्हणजे टेस्टिंगचा आठवडा पाण्यात, आणि नाही उघडलं आणि प्रेशर खरंच पडत असलं तर मग इंजिनच गेलं.

थोडी पार्श्वभूमी. गाडी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या टीमची, फॉर्म्युला भारतसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसची गाडी बनवून पळवायच्या स्पर्धेसाठी, बनवलेली. ही स्पर्धा कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर होते आणि त्यात एन्ड्युरन्स नावाचा जो प्रकार आहे त्यात साधारण २२ किमी गाडी सलग पळवायची, मधे एकदा ड्रायव्हर बदल, आणि सगळ्यात जास्त मार्क त्यालाच. नियमानं इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पेट्रोलच्या इंजिनला हवा मात्र २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधूनच, म्हणजे तेवढ्याच अरुंद भोकातूनच, घ्यायची. आपल्याकडच्या बऱ्याच टीम बाइकचं सिंगल सिलिंडर इंजिन टाकतात, आमचंही तसंच. आदल्या वर्षी आमचं इंजिन एन्ड्युरन्सच्या अर्ध्यात जाम झालं होतं आणि का जाम झालं ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण डॅशवर एक आकडा दिसायचा तेवढंच, लॉग असा नव्हताच. इंजिनवाले म्हणाले ऑइल कमी भरलं असेल, ड्रायव्हर म्हणाला तापमान जास्त होतं, विषय तिथंच संपला.

म्हणून ह्या वर्षी लॉगर स्वतः बनवायचा ठरलं. बाहेरचे तयार लॉगर उत्तमच असतात त्यात वाद नाही, पण सेन्सर, वायरिंग, सॉफ्टवेअर धरून किंमत लाखात जाते आणि तेवढ्यात आमचे दोन टायर सेट येतात. शिवाय डिझाइन राउंडला जज विचारतातच की हे तुम्ही केलंय का विकत आणलंय.

बोर्डवर मेंदू म्हणून एसटीएम३२एफ४४६ हा मायक्रोकंट्रोलर. आधी सगळ्यांचा लाडका ब्लू पिल, म्हणजे एफ१०३ चिपचा छोटा बोर्ड घ्यायचा विचार होता, स्वस्त आणि कुठंही मिळतो, पण त्यात यूएसबी आणि कॅन (गाडीतल्या बोर्डांना आपसात बोलायची दोन वायरची लाइन) दोघं एकच ५१२ बाइटची मेमरी वाटून घेतात त्यामुळे दोन्ही एकदम चालत नाहीत, आणि आम्हाला पिटमध्ये यूएसबी लावून कॅनवरचं लाइव्ह बघायचं होतं. एफ४४६ मध्ये दोन कॅन, व्होल्टेजचा आकडा करणारे तीन १२ बिटचे एडीसी, एसडी कार्डासाठी वेगळं हार्डवेअर आणि १२८ केबी रॅम, म्हणजे आमच्या कामाला भरपूर. पॉवरच्या तोंडाशी उलटी बॅटरी लागली तर वाचवायला पी चॅनल मॉसफेट, मग व्होल्टेजचे झटके अडवणारा टीव्हीएस डायोड, मग १२ वरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर आणि त्या ५ वरून पुढे ३.३. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, ३.३ हे ५ वरूनच येतं, पुढे ह्याच गोष्टीनं वाद अर्धा मिटवला.

सेन्सर म्हणाल तर ऑइल प्रेशर, ऑइल आणि कूलंटचं तापमान, पुढचा मागचा ब्रेक प्रेशर, चार डॅम्परची हालचाल मोजायला लिनिअर पोटेन्शिओमीटर, स्टिअरिंगचा कोन, चार चाकांचा स्पीड मोजणारे हॉल सेन्सर आणि गाडीवर येणारा जोर मोजणारा एक एमपीयू ६०५०. आरपीएम आणि थ्रॉटल ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, कॅनवर येतं. कॅनचं एक बरं असतं, मल्टिमीटर लावायचा, दोन वायरमध्ये ६० ओहम दिसले की दोन्ही टोकांचे १२० वाले रेझिस्टर जागेवर आहेत, १२० दिसले तर एक टोक उघडं आहे. गाडी बंद असताना दोन मिनिटांचं काम, तरी लोक करत नाहीत आणि मग कोडमध्ये बग शोधत बसतात.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांवर, म्हणजे आमच्यावर, इंजिनवाल्यांचा विश्वास का नव्हता ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. पहिल्या टेस्टिंगला चाकाचा स्पीड ३०० किमी दाखवत होता, गाडी स्टँडवर उभी, चाकं थांबलेली, फक्त इंजिन चालू. इग्निशन कॉइलची वायर आणि हॉल सेन्सरची वायर एकाच बंडलमध्ये टेपनं बांधलेली, प्रत्येक स्पार्कला खोट्या पल्सची अख्खी माळ. उपाय काही जगावेगळे नव्हते. सेन्सरच्या वायरी पिळून वेगळ्या मार्गानं नेल्या, शील्ड फक्त बोर्डच्या बाजूला ग्राउंड केलं, इनपुटला श्मिट ट्रिगर (सिग्नलमधली बारीक चुळबुळ गाळणारं सर्किट), रेझिस्टर असलेला स्पार्क प्लग आणि कोडमध्ये एक साधी अट. आमचा टायर साधारण १८ इंच व्यासाचा, म्हणजे घेर १.४४ मीटरच्या जवळपास, चाकाबरोबर फिरणाऱ्या टोन व्हीलला २४ दात, दर दाताला एक पल्स, तर १०० किमीच्या स्पीडला सेकंदाला साधारण ४६४ पल्स येणार, त्यामुळे दोन पल्समधलं अंतर एक मिलिसेकंदाच्या खाली गेलं की तो पल्स कचरा. हे सगळं झाल्यावर स्पीड एकदम स्वच्छ झाला पण तो ३०० चा आकडा काही लोक विसरले नाहीत. त्यानंतर लॉगमध्ये काहीही वेगळं दिसलं की "झालं, परत स्पार्क मोजतोय का रे तुमचा बोर्ड?"

त्यात ऑइल प्रेशरचं प्रकरण आलं. कॉलेजमागच्या डांबरी मैदानावर कोन मांडून गाडी पळवली, संध्याकाळी लॉग उघडला तर प्रेशरच्या रेषेत खड्डे. इंजिनचं बघणारा पोरगा, तो आम्हाला एक वर्ष सीनिअर, बघताक्षणी म्हणाला नॉइज आहे. आमच्यातली फर्स्ट इयरची मुलगी, जिनं तो चॅनल सोल्डर केला होता, ती म्हणाली दादा नॉइज उजवीकडे वळतानाच कसा येईल? त्यावर तो, अगं वळताना वायर हलते, कनेक्टर सैल असेल. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. सिंगल सिलिंडर इंजिन जे थरथरतं त्यात कनेक्टर सैल होणं, सोल्डरच्या कडेला वायर तुटणं हे रोजचंच, म्हणून तर आम्ही हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या वायरिंगमध्ये, सोल्डर बंद करून क्रिम्पवर, म्हणजे वायरवर पिन दाबून बसवण्यावर, आलो होतो आणि बोर्डवरचे उंच कपॅसिटर सिलिकॉननं चिकटवले होते.

मग ठरलं की आवाज चढवून काही होणार नाही, लॉगमधूनच दाखवायचं.

सेन्सर तीन वायरचा, ० ते १० बारला ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा. सुरुवात ० व्होल्टपासून नसून ०.५ पासून असते ती उगाच नाही, सिग्नलची वायर तुटली की रीडिंग ०.५ च्या खाली जातं आणि लगेच कळतं की हे प्रेशर नाही, वायर आहे. आमचे खड्डे ०.९ व्होल्टच्या आसपास येऊन थांबत होते, एकदाही ०.५ च्या खाली नाही. कनेक्टर सैल असता तर एवढ्या सगळ्या खड्ड्यांत निदान एकदा तरी पूर्ण तुटला असता. हा पुरावा म्हणून थोडा कच्चाच आहे हे मान्य, पण सुरुवात झाली.

दुसरं, हा सेन्सर रेशिओमेट्रिक, म्हणजे त्याला मिळणारे ५ व्होल्ट कमी झाले की आउटपुटही त्याच प्रमाणात कमी होतं. तर कुणी म्हणेल की वळताना फॅन किंवा फ्युएल पंप काहीतरी खेचतो, ५ व्होल्ट पडतात आणि प्रेशर पडल्यासारखं दिसतं. आकडे घालून बघू. ३ बारला १.७ व्होल्ट यायला हवेत. ५ चे ४.८ झाले तर १.६३ येतील, म्हणजे साधारण २.८ बार. थोडा फरक पडतो, पण ३ चं १ होत नाही. १.७ चे ०.९ व्हायला ५ व्होल्टची लाइन चक्क २.६५ वर यायला लागेल, आणि ३.३ त्याच लाइनवरून बनत असल्यामुळे तेवढ्यात मायक्रोकंट्रोलर रिसेट होऊन लॉगमध्ये भोक पडेल. लॉग सलग होता. शिवाय ५ व्होल्टची लाइन, बॅटरीचं व्होल्टेज आणि चिपच्या आतला जो १.२१ व्होल्टचा स्थिर रेफरन्स असतो, हे तिन्ही आम्ही लॉग करत होतो आणि तिन्ही रेषा सरळ होत्या. हे तीन चॅनल टाकायला पैसा लागत नाही, फक्त दोन डिव्हायडर (व्होल्टेज कमी करून देणारी दोन रेझिस्टरची जोडी) आणि चार ओळी कोड, आणि माझं स्पष्ट मत आहे की जो लॉगर स्वतःचा सप्लाय लॉग करत नाही त्याच्या कुठल्याच आकड्यावर भांडू नये.

ग्राउंड राहिला. ग्राउंडची वायर शेअर असली आणि तिच्यातून फॅनचा करंट गेला तर सेन्सरच्या बाजूचा ग्राउंड वर उचलला जातो आणि रीडिंग वाढतं. आमचं कमी होत होतं. दिशाच उलटी. तसंही सेन्सरचा ग्राउंड वेगळा बोर्डवर आणलेला होता.

इथपर्यंत कागदावर आम्ही जिंकलो होतो पण सीनिअर बधला नाही, म्हणाला सेन्सरला जाणारी ५ व्होल्टची वायर कनेक्टरमध्ये सैल झाली तर? तिथला व्होल्टेज तुम्ही लॉग करत नाही, तुम्ही बोर्डवरचा करता. बरोबर बोलला. बोर्डवर ५ असतील आणि सेन्सरच्या पिनवर ३ असतील, आणि ह्यात मायक्रोकंट्रोलर काही रिसेट होणार नाही. मग एक साधीच गोष्ट केली. दोन रेझिस्टर घेऊन ५ व्होल्टमधून १.७ व्होल्ट देणारा डिव्हायडर बनवला, हीट श्रिंक चढवून तो सेन्सरच्या अगदी शेजारी इंजिनवरच बांधला, त्याला सप्लाय सेन्सरच्याच कनेक्टरच्या पुढून घेतला आणि त्याचं आउटपुट त्याच बंडलमधून शेजारच्या रिकाम्या चॅनलवर आणलं. म्हणजे तीच थरथर, तोच कनेक्टर, तेच ५ व्होल्ट, तोच ग्राउंड, फक्त ह्याला ऑइलशी काही देणंघेणं नाही. सप्लाय सैल असेल तर दोघं एकत्र पडतील, ऑइल प्रेशर पडत असेल तर एकटा सेन्सर पडेल. बुधवार पेठेतून आणलेले काही रुपयांचे रेझिस्टर, पण अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाचा भाग तोच. टीममध्ये त्याला साक्षीदार म्हणायला लागले.

बाकी सेटिंगही बदललं. आधी प्रेशर १० हर्ट्झवर लॉग होत होतं, म्हणजे ०.४ सेकंदाच्या खड्ड्यात चारच बिंदू, त्यात आकार काय दिसणार. ते ५०० वर नेलं. इनपुटला १० के आणि १८ के चा डिव्हायडर आणि १०० नॅनोफॅरड होता, त्याचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचं हलणं गाळलं जातं ती मर्यादा, साधारण २५० हर्ट्झ बसतो, तो तसाच ठेवला. एमपीयूचा आतला फिल्टर मात्र २१ हर्ट्झवर आणला, नाहीतर इंजिनच्या थरथरीत बाजूचा जी, म्हणजे वळताना बाजूनं लागणारा जोर, सापडतच नाही. एवढा डेटा लिहिताना एसडी कार्ड अधूनमधून अडकतं, स्टँडर्डनुसार एका राइटला पाव सेकंदापर्यंत वेळ घेतला तरी ते नियमात बसतं, त्यामुळे आम्ही चांगला ३२ केबीचा बफर ठेवला आणि दर सेकंदाला फाइल सिंक, म्हणजे कार्डावर पक्की लिहून टाकायची, कारण किल स्विच दाबला की पॉवर जाते आणि सिंक न केलेली फाइल रिकामी निघते.

टेस्टसाठी स्किडपॅड मांडला. स्पर्धेतल्याच मापाचा, ८ च्या आकाराचा ट्रॅक, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि लेन ३ मीटर, म्हणजे मधल्या रेषेची त्रिज्या ९.१२५ मीटर. ह्याच्यासारखी टेस्ट नाही, कारण आधी उजवं वर्तुळ मग डावं, त्रिज्या तीच, स्पीड तोच, फक्त दिशा बदलते. ड्रायव्हरला सांगितलं एकदम जोर लावू नकोस, पायरी पायरीनं जा. ताशी २६ किमीला बाजूचा जी ०.६ येतो, ३२ ला ०.९ आणि ३६ च्या जवळ गेलं की १.१. आणि प्रेशर पडलेलं दिसलं की लगेच थ्रॉटल सोडायचा, कारण तपास करताना इंजिन मारलं तर काय उपयोग.

०.६ ला काही नाही. ०.९ ला उजव्या वर्तुळात गाडी शिरल्यावर साधारण सेकंदभरानं रेषा घसरायला लागली, एकदम तुटून नाही, उतारावरून यावी तशी, आणि खाली आल्यावर फाटकी फाटकी, वर खाली होणारी. थ्रॉटल सोडून गाडी सरळ केली की परत वर. डाव्या वर्तुळात त्याच स्पीडला ३ बार, रेषा हलली नाही. १.१ ला उजवीकडे तेच पण लवकर. आणि साक्षीदार पूर्ण वेळ १.७ वर, दोन्ही वर्तुळांत. सीनिअरनं लॅपटॉप स्वतःकडे ओढून दोन्ही चॅनल झूम करून बघितले, मग काही न बोलता सम्पच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या पात्राच्या, बोल्टचा साइझ विचारला.

कारण समजायला सोपं आहे. बाइक वळताना झुकते, त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर ह्यांची बेरीज इंजिनच्या दृष्टीनं सरळ खालीच असते आणि ऑइल सम्पच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन गाडीत टाकलं की ते झुकत नाही. बाजूनं १ जी लागला की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशात तिरका होतो, ताटातली आमटी एका कडेला जावी तसं सगळं ऑइल एका भिंतीला. उजवीकडे वळताना ऑइल डावीकडे जातं, आणि आमच्या इंजिनचा पिकअप, म्हणजे जिथून पंप ऑइल ओढतो ते तोंड, नेमका उजव्या बाजूला. तो उघडा पडतो, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं. ती फाटकी रेषा म्हणजे हवा मिसळलेलं ऑइल. मैदानावरच्या लहान वळणांत हे अर्ध्या सेकंदात संपत होतं म्हणून नॉइजसारखं दिसत होतं, इतकंच. इंजिन बनवणाऱ्याची ह्यात काहीच चूक नाही, त्यानं ते बाइकसाठी बनवलंय.

इंजिन उघडलं. कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडच्या बेअरिंगवर घासल्याच्या खुणा, वरचा थर काही ठिकाणी जाऊन खालचा तांबूस रंग दिसायला लागलेला. जाम व्हायच्या आधीचीच अवस्था. आदल्या वर्षीचं इंजिन स्टोअरमध्ये पडून होतं, त्याचंही बेअरिंग काढून बघितलं तर ते इतकं वितळलेलं की त्यावरून काही ठरवता येत नाही, पण संशय घ्यायला जागा आहे.

दुरुस्ती इंजिनवाल्यांनी केली आणि चांगली केली. सम्पमध्ये अॅल्युमिनियमची आडवी पट्टी, तिला एकाच बाजूनं उघडणारी छोटी दारं, म्हणजे ऑइल पिकअपकडे येऊ शकतं पण तिथून पळू शकत नाही, आणि पिकअपचं तोंड मधल्या बाजूला सरकवलं. ऑइल जास्त भरा हा सोपा उपाय कुणीतरी सुचवलाच, पण पातळी फार वाढली की क्रँक ऑइलमध्ये घुसळतो आणि फेस होतो, म्हणजे हवा दुसऱ्या दारानं आत. ड्राय सम्प, म्हणजे ऑइल इंजिनखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवणं, हा खरा उपाय, पण वेगळा पंप, टाकी, पाइप हे सगळं त्या वर्षी जमणारं नव्हतं. परत स्किडपॅड, १.१ जी, उजवं वर्तुळ, प्रेशर २.४ च्या खाली गेलं नाही.

मग पुढचा वाद सुरू झाला, की प्रेशर पडलं तर बोर्डनं इंजिन बंद करावं का. कॅनवर मेसेज टाकला की ईसीयू इग्निशन कापू शकतो, कोड तासाभराचा. मी विरोधात होतो आणि अजूनही आहे. १ बार हा आकडा आयडलला एकदम ठीक आणि ८००० आरपीएमला धोक्याचा, म्हणजे मर्यादा आरपीएमप्रमाणे बदलायला हवी, त्यात किती वेळ पडल्यावर कापायचं ते ठरवायला हवं, आणि एन्ड्युरन्समध्ये एखाद्या सैल वायरमुळे गाडी ट्रॅकवर बंद पडली आणि परत चालू झाली नाही तर ते सगळे मार्क शून्य. शेवटी असं केलं की आरपीएमनुसार मर्यादा ठेवली, त्याच्या खाली ३०० मिलिसेकंद राहिलं तर स्टिअरिंगमागे मोठा लाल एलईडी, आणि तोसुद्धा साक्षीदार जागेवर असेल तरच. साक्षीदार हलला तर पिवळा, म्हणजे गाडी चालव, वायरिंग आम्ही बघतो. कापायचं का नाही ते ड्रायव्हरच्या पायावर सोडलं.

कोइम्बतूरला एन्ड्युरन्स पूर्ण झाली, लाल एकदाही लागला नाही. दुसऱ्या ड्रायव्हरच्या पाळीत पिवळा लागला आणि विझला. लॉग बघितला तर साक्षीदार आणि प्रेशर दोन्ही एकाच क्षणी, साधारण ४० मिलिसेकंदांसाठी पडलेले. ५ व्होल्टची पिन निघाली, क्रिम्प नीट बसला नव्हता. सीनिअर म्हणाला बघ, मी म्हणत होतो ना कनेक्टर सैल असतो.

नवीन बोर्डवर साक्षीदाराला कायमचा चॅनल दिलाय. ब्रेक प्रेशरच्या कनेक्टरपाशी पण एक लावायचा म्हणतायत, फक्त त्या कनेक्टरमध्ये पिन शिल्लक नाही आणि मोठा कनेक्टर महाग आहे, त्यावर सध्या खल चालू आहे.